खाऱ्या पाण्याच्या गावात घरीच गाडीचं डिटेलिंग करायचं आहे, पहिल्यांदाच. सुरुवात कुठून करू?

कास्तकार_दर्यापूर

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी कापूस, तूर आणि हरभरा. यंदा कापसाचे पैसे हातात आल्यावर सेकंडहँड वॅगन आर घेतली, २०१७ चं मॉडेल, गर्द निळा रंग. आमच्या घरातली ही पहिली चारचाकी. आईबाबांना घेऊन शेगावला दर्शनाला जायचं आहे आणि पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे. तिची पाठवणी याच गाडीतून व्हावी अशी मावशीची इच्छा आहे. म्हणून नुसती धुवायची नाही, मनापासून नीट करायची आहे. अमरावतीला एका ठिकाणी विचारलं तर डिटेलिंगचे, म्हणजे आतून-बाहेरून बारकाईनं साफ करून पॉलिश करण्याचे, साडेपाच हजार सांगितले. मला आधी टायर बदलायचे आहेत, पैसे तिकडे राखून ठेवलेत. त्यामुळं हे काम घरीच करायचं ठरवलंय.

गाडीची स्थिती अशी: सकाळच्या तिरप्या उन्हात बोनेटवर बारीक गोल गोल ओरखडे दिसतात. काचांवर आणि टपावर पाण्याचे पांढरे डाग आहेत, नखानं खरवडून पण निघत नाहीत. मागच्या चाकांच्या वर डांबराचे ठिपके. आधीच्या मालकाकडे गाडी निंबाखाली उभी राहायची, वायपरच्या खालच्या जाळीत काड्या आणि पाला दिसतो. हेडलाइट पिवळट पडलेत. आत बसलं की कुबट वास येतो आणि मागच्या सीटच्या सांदीत सरकी आणि रुई अडकली आहे.

पाण्याचं सांगतो. बोअर आहे, पण आमचा खारपाणपट्टा, ते पाणी तोंडात घेववत नाही. शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला जपून वापरतो. गावात आरओची कॅन मिळते. सामान म्हणाल तर फवारणीचा बॅटरी पंप, बादल्या, बाबांच्या जुन्या बनियनी आणि कपड्यांची पावडर. प्रेशर वॉशर नाही, घेणारही नाही, आमच्याकडे व्होल्टेजचा भरवसा नाही.

कपड्यांच्या पावडरनं गाडी धुतली तर चालते का? पांढऱ्या डागांना व्हिनेगर चालतं म्हणतात, खरं का? पॉलिशचं मशीन भाड्यानं आणावं लागेल का? आपल्या भागात कोणी घरी केलं असेल तर सविस्तर सांगा.

बापू_मूर्तिजापूर

अभिनंदन भाऊ! घरात पयली गाडी येते तवाचा आनंद मले मालूम हाय. पण माह्या मतानं येवढा खटाटोप कायले करता? आमी तं जीपले कितीक वर्सापासून राकेलचा बोळा मारतो. आंगावरून फिरवला का गाडी कशी लखलख करते, डांबर बी निंगते आन् पान्याचे डाग बी दिसत नाईत. रोज सकाळी उठल्याबरोबर कोरड्या फडक्यानं पुसून घेत जा, धूळ बसूच देऊ नोका. शेगावले माउलीचं दर्शन घेऊन या, गाडीले हार घाला, झालं.

रंगारी_दारव्हा

बापू, तुम्ही वडीलधारे, पण राकेल आणि कोरडं फडकं या दोन्हीला मी हात जोडून नाही म्हणतो. मी दारव्ह्याला डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचा रंग उन्हानं जेवढा जातो त्याहून जास्त रोजच्या फडक्यानं गेलेला असतो, हे मी हातानं पाहिलंय, म्हणून जरा लांबण लागली तरी लिहितो.

दर्यापूरकर भाऊ, कंपनीच्या गाडीवर खाली प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. आम्ही त्याला लॅकर म्हणतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन आणि त्यातलं लॅकर ३५ ते ५० मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरचा विसावा भागसुद्धा धड भरत नाही. चमक त्याची, उन्हापासून बचाव त्याचा, आणि ओरखडाही त्याच्यावरच पडतो. आता थंडीत काय होतं बघा. दिवसभर पांदणीची धूळ बसते. काळी माती बोटांत मऊ लागते, पण आपल्या रस्त्यांवर नुसती काळी माती नसते, मुरूम असतो, गिट्टीची चुरी असते. रात्री त्यावर दव पडतं. सकाळी माणूस प्रेमानं फडकं घेतो आणि गोल गोल फिरवतो. ते बारीक नंबरचा पाणीपेपर, म्हणजे ओला करून घासायचा सँडपेपर, मारल्यासारखंच आहे. तुम्हाला बोनेटवर जे गोल ओरखडे दिसतात ते असे पडलेत. म्हणून पहिलं काम हे, की आजपासून कोरडं फडकं बंद. घाई असेल तर नुसती समोरची काच, मागची काच, आरसे आणि दिवे ओल्या कपड्यानं पुसा. बाकी गाडी मळकी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते घासण्यानं.

राकेलनं चमक येते ती तेलाची. त्यावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ धरते आणि दाराचं रबर, काचेचं बिडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, फुगून ढिलं पडतं. डांबराच्या ठिपक्यापुरतं राकेल मीही वापरतो: कापसाच्या बोळ्याला लावायचं, ठिपक्यावर अर्धा-एक मिनिट धरायचं, पुसायचं आणि ती जागा लगेच शाम्पूनं धुवायची. ठिपक्यापुरतं, अंगभर नाही. टार रिमूव्हर मिळाला तर तो जास्त बरा.

आता पाणी, कारण तुमच्याकडे खरी अडचण तीच आहे. एक सोपी गोष्ट करून बघा. स्टीलच्या ताटलीत बोअरच्या पाण्याचे चार थेंब टाका, शेजारी नळाच्या पाण्याचे, त्याच्या बाजूला आरओचे. ताटली उन्हात ठेवा. वाळल्यावर बोअरच्या थेंबाचं जाड पांढरं कडं दिसेल, नळाचं फिकट, आरओचं जवळजवळ काहीच नाही. तुमच्या टपावरचे डाग म्हणजे तीच कडी, एकावर एक चढलेली. बोअरचं पाणी वाईट म्हणून टाकून द्यायचं नाही, त्यानं चाकांचा आणि खालचा चिखल काढायचा. पण अंगाची धुलाई नळाच्या पाण्यानं आणि शेवटचं पाणी आरओचं. वॅगन आरसारख्या गाडीला धुवायला दोन बादल्या आणि शेवटी २० लिटरची एक कॅन, एवढ्यात भागतं. पाण्याचा मारा करायचा नसतो, वरून सोडायचं असतं. आणि ज्या चाकांना, खालच्या पत्र्याला बोअरचं पाणी लागलंय त्यांनाही शेवटी एक एक मग गोडं पाणी दाखवा. खारं पाणी पत्र्याच्या सांध्यात राहिलं की गंजाला वाट मिळते.

सुरुवात खालून करा. गाडी सावलीत, पत्रा थंड. बोनेटला हात लावल्यावर गरम लागला तर त्या दिवशी राहू द्या. ब्रेकच्या डिस्कही थंड झालेल्या हव्यात, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकू शकते. मागच्या चाकाच्या कमानीत हात घाला आणि पत्र्याची जी कड आत वळलेली असते तिच्यावरून बोटं फिरवा. (हातमोजा घाला, कड कापते.) तिथं मातीची वडी बसलेली असेल. वरून ती पांढरट, कोरडी, टणक दिसते. तोडली की आत काळी आणि ओली निघते. आपली कपाशीची माती पाणी धरून ठेवते म्हणून तर कोरडवाहू शेती होते. तोच गुण गाडीला घातक. पावसाळा संपून महिने झाले तरी त्या कडेत ओल असते आणि पत्रा तिथूनच आतून खात जातो. बाहेर रंगाला बुडबुडा दिसतो तेव्हा माणूस माझ्याकडे येतो, पण तोवर पत्रा चाळणी झालेला असतो, आणि मग लांबी (पुट्टी) भरणं म्हणजे वरवरचा इलाज. म्हणून पॉलिशला दोन तास देणार असाल तर या चार कमानींना एक तास द्या. माती कोरडी खरवडू नका, पाणी मारून अर्धा तास भिजू द्या. फुगली की बोटानं लगदा होऊन येते.

दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. दार उघडून खाली वाकून पाहिलं की दिसतात. ती चिखलानं बुजलेली असतात. बांबूची बारीक काडी घालून मोकळी करा, लोखंडी तार नको, आतला रंग खरवडेल. वायपरखालच्या जाळीतला निंबाचा पाला हातानं वेचून काढा, पाण्यानं आत ढकलू नका. तुमच्या कुबट वासाचं मूळ बहुतेक तिथंच आहे, कारण तिथलं पाणी जायची वाट बंद झाली की ओल केबिनच्या हवेत येते.

मग अंग. कपड्यांची पावडर नको, तिच्यात सोडा असतो, मेणाचा असेल तेवढा थर जातो आणि रबर कोरडं पडतं. भांड्याचा साबणही रोजच्यासाठी नको. कार शाम्पूची लहान बाटली घ्या, बादलीला झाकणभर पुरतो. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी गाडीवर नुसतं पाणी सोडा, वर शाम्पूचं पाणी सोडा आणि चार-पाच मिनिटं थांबा. माती स्वतःहून सुटून खाली येऊ द्या. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी करत नाही. नंतर मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टपापासून खाली सरळ रेघेत फिरवायचा, गोल नाही, दाबायचा नाही. दर दोन-तीन हातांनी साध्या पाण्याच्या बादलीत पिळून मगच परत शाम्पूत. ती दुसरी बादली कशी गढूळ होते ते बघा, ती सगळी माती नाहीतर बोनेटवर फिरली असती. दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. बाबांच्या बनियनी चाकांना आणि दाराच्या चौकटीला वापरा, अंगाला नको.

पांढऱ्या डागांचं तुम्ही बरोबर ऐकलंय. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर, त्यात तेवढंच आरओचं पाणी. धुतल्यावर, सावलीत, थंड पत्र्यावर, ओलं फडकं डागावर मिनिटभर ठेवा, हलकं पुसा आणि भरपूर पाण्यानं धुवा. क्षार आम्लात विरघळतो. एकदा-दोनदा केल्यावर जे डाग राहिले ते लॅकरच्या आत उतरलेत, त्यांना व्हिनेगर पुरणार नाही, पॉलिशनं थोडे हलके होतील. जास्त वेळ ठेवून काही साधत नाही. टॉयलेट क्लीनर किंवा बॅटरीतलं ॲसिड लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, तसे जळालेले पत्रे मी रंगवलेत.

यानंतर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोनेटवरून हात फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ती अडकलेली धूळ आणि रंगाचे बारीक कण असतात. त्याला क्ले बार, म्हणजे एक प्रकारची चिकणमातीची वडी मिळते. शाम्पूच्या पाण्यानं पत्रा ओला ठेवून ती हलकी फिरवायची, मळली की दुमडून स्वच्छ बाजू घ्यायची. जमिनीवर पडली तर ती वडी फेकून द्या, किती महाग असली तरी, कारण तिच्यात खडा गेला.

मशीन पहिल्यांदा नको. गोल फिरणारं बफिंग मशीन नवख्या हातात कडेवर टेकलं की लॅकर जाळतं, आणि दाराच्या, बोनेटच्या कडेला लॅकर पातळच असतं. बारीक पॉलिश हातानं, फोमच्या पॅडनं, वीतभर जागेत आधी करून बघा. ओरखडे सगळे जाणार नाहीत, निम्मे विरतील. मला विचाराल तर ते पुरे आहे. ओरखडा काढायचा म्हणजे आजूबाजूचं लॅकर त्याच्या पातळीला आणायचं, आणि ते परत येत नाही. शेवटी मेण, म्हणजे कार वॅक्स. बोटभर घेऊन अगदी पातळ पसरवा, धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं उचला.

कास्तकार_दर्यापूर

दादा, मनापासून धन्यवाद. ताटलीचं करून पाहिलं. बोअरच्या थेंबाचं कडं बोटाला खरखरीत लागतं, ते पाहून बाबा पण थक्क झाले. मागच्या डाव्या कमानीतून तर तुम्ही म्हणता तशी वडी निघाली, आतून खरंच ओली. पत्रा अजून शाबूत आहे, थोडा तपकिरी झालाय.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पाणी सोडायला फवारणीचा पंप वापरला तर चालेल का? धुऊन घेईन. आणि बोनेटच्या कडेला, काचेखालच्या रबरावर निळ्या रंगाचे बारीक शिंतोडे आहेत. दारांवर तसे नाहीत. याचा अर्थ काय?

परतवाडा_ताई

भाऊ, बाहेरचं रंगारीदादांनी सांगितलंय, मी आतलं सांगते. मी शाळेसाठी रोज मेळघाटात ये-जा करते. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या बाजूला धुकं आणि ओल इतकी असते की गाडीच्या आतला वास हा माझा कायमचा विषय आहे.

वासावर सुगंधी डबी हा उपाय नाही, आधी ओल कुठे आहे ते शोधा. मॅट काढा. समोरच्या डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा कडेनं उचला आणि खालचा जाड थर दाबून बघा. हात ओला झाला तर एकतर जाळीतला पाला, नाहीतर एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतंय का ते पण बघा. ठिबकत नसेल तर नळीच बघायला लावा. गालिचा उचलून खाली काड्या किंवा विटेचा तुकडा सरकवून ठेवा आणि थंडीच्या उन्हात चारही दारं उघडी ठेवून वाळवा. वरून कोरडा वाटला तरी खालचा थर वाळायला वेळ लागतो, घाई करू नका. समोरच्या कप्प्यामागे एसीची जाळी असते, तुमच्या मॉडेलला असेल तर काढून बघा, पाल्याचा चुरा आणि काळी धूळ निघेल. स्वस्त असते, नवीनच घाला.

सरकीचा विषय मात्र हलक्यात घेऊ नका. सीटच्या सांदीत सरकी राहिली की उंदीर येतात, आणि उंदीर एकदा गाडीत शिरला की वायरी कुरतडतो. आमच्या ओळखीच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात रुईचं घरटं निघालं होतं. म्हणून पुढच्या सीट पूर्ण मागे, मग पूर्ण पुढे करून रुळांच्या मधली जागा बघा, मागची सीट उचलता येत असेल तर उचला, आणि बोनेट उघडून एअर फिल्टरचा डबा पण बघा. रुई व्हॅक्यूमनं सहज निघत नाही, कापडाला धरून बसते. आधी कडक दातांच्या ब्रशनं एका दिशेनं खरवडून तिचा गोळा करायचा, मग ओढायचा. रबरी हातमोजा किंचित ओला करून सीटवर फिरवला तरी चांगली गोळा होते.

सीट धुवायची म्हणजे पाणी ओतायचं नाही. मगभर पाण्यात शाम्पूचा फेस करायचा आणि फक्त फेस ब्रशला घ्यायचा. वीतभर जागा घासायची, लगेच ओल्या कपड्यानं पुसायची, मग कोरड्यानं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमटा लावून ठेवा, सौम्य साबणानं पुसा, वाळल्याशिवाय आत सोडू नका. ब्लीच अजिबात नको, पट्ट्याचा धागा कमजोर होतो. बहुतेक जुन्या गाड्यांत हा पट्टाच सगळ्यात मळका असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नवरी शालू नेसून बसणार आहे, तिच्या खांद्यावर काळी रेघ उमटली तर वाईट वाटेल.

डॅशबोर्डला चकाकणारं पॉलिश लावू नका. उन्हात त्याची झळाळी समोरच्या काचेत येते, समोरून ढोरं आडवी आली तर दिसायला उशीर होतो. स्टिअरिंग आणि पायातल्या पॅडलना तर असलं काही लावूच नये, हात-पाय घसरतात. घट्ट पिळलेल्या कपड्यानं पुसायचं, एवढंच.

रंगारी_दारव्हा

ताईंनी उंदराचं फार चांगलं सांगितलं, माझ्या डोक्यात नव्हतं.

भाऊ, फवारणीचा पंप नको. धुतला तरी नको. टाकीच्या तळाशी, नळीत, नोझलमध्ये औषध राहतंच, आणि ते तुम्ही दाराच्या हँडलवर, आरशांवर, जिथं आईचा हात लागेल तिथं मारणार. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून मी या बाबतीत कोणाची भीड ठेवत नाही. उलटही धोका आहे: तणनाशकाच्या पंपाचा अंश कपाशीवर गेला तर पानं आकसतात, म्हणून तुम्ही त्याला वेगळा पंप ठेवत असाल. तसाच गाडीला वेगळा ठेवा. कृषी केंद्रात दोन लिटरचा हातानं दाब भरायचा छोटा पंप मिळतो, तो नवीन घ्या आणि त्यावर गाडीचं नाव टाकून ठेवा. नाहीतर आपला पाण्याचा मग आणि बादली काय वाईट आहे? आणि धुण्याचं पाणी ढोरांच्या हौदाकडे वाहणार नाही अशा उताराला गाडी लावा.

रबरावर शिंतोडे म्हणजे बोनेट बाहेर रंगवलेलं आहे. फसवणूक समजू नका, लहानसा ठोका लागला तरी लोक रंगवून घेतात. बिडिंग न काढता, नीट झाकल्याशिवाय स्प्रे मारला की असे शिंतोडे राहतात. तुम्ही एवढंच करा: पॉलिश करताना फडक्याकडे लक्ष ठेवा. फडकं पांढरं किंवा करडं झालं तर वर लॅकर आहे. निळं झालं तर तुम्ही थेट रंगच घासताय, लगेच थांबा आणि बोनेटला फक्त मेण लावा. दारांचं पॉलिश चालू ठेवा, ती कंपनीची आहेत.

हेडलाइटचं राहिलं होतं. ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि त्यावर उन्हापासून बचावाचा एक थर असतो. तो उन्हानं गेला की पिवळेपणा येतो. १००० नंबरचा पाणीपेपर, मग १५००, २०००, ३०००, सगळे ओले, भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावून. घासल्यावर दूधट दिसेल, घाबरू नका, शेवटी पॉलिशनं स्वच्छ होतं. पण उरलासुरला थरही घासून जातो, त्यामुळं वरून उन्हापासून वाचवणारा क्लिअर मारला नाही तर काही महिन्यांत परत पिवळं. शेगावला रात्री परतणार असाल तर हे नक्की करून घ्या, उजेडात फरक पडतो. टूथपेस्टनं पण थोडं निघतं म्हणतात, निघतंही, टिकत मात्र नाही.

इंजिनवर पाणी मारू नका. थंड असताना मऊ ब्रशनं धूळ झाडा, ओल्या कपड्यानं प्लॅस्टिक पुसा, बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर ते मेकॅनिककडून साफ करून घ्या.

कास्तकार_दर्यापूर

गाडी झाली मंडळी. फडकं बोनेटवर निळं झालं, मी तिथंच थांबलो आणि नुसतं मेण लावलं. दारांवरचे ओरखडे बरेच विरले, उन्हात उभं राहून शोधावे लागतात. टपावरचे निम्मे डाग व्हिनेगरनं गेले, बाकीचे आहेत तसे राहू दिले. ताई, गालिचा खालून चिंब होता, पाला काढल्यावर आणि वाळवल्यावर वास गेला. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं नव्हतं, पण दोन सरक्या होत्या! सीटबेल्ट पुसलेलं पाणी पाहून आई म्हणाली, हे आधीच्या मालकाला दाखवा.

आता लग्नाचं विचारतो. मावशीकडचे पोरं गाडी सजवणार, झेंडू, टेप, थर्माकोलची नावं. आणि शेगावला पूजा झाली की बोनेटवर स्वस्तिक काढतात. मेण लावलेलं आहे, तर चालेल ना?

रंगारी_दारव्हा

वा, मन लावून केलंत. कमानीतला तपकिरी भाग पूर्ण वाळला की तिथं गंजरोधक प्रायमर मारून घ्या, माझ्याकडे नाही तर जवळच्या कोणाकडेही, पण पावसाळ्याआधी.

मेण टेपपासून वाचवणार नाही. तुमचं बोनेट बाहेरच्या रंगाचं आहे, त्यावर चिकटटेप दिवसभर उन्हात राहिली तर काढताना रंगाची सालच निघू शकते, लग्नसराईत असं काम माझ्याकडे येतंच. पोरांना सांगा, बोनेटवर टेप नाही. माळा सुतळीनं दोन्ही आरशांना आणि वर कॅरिअर असेल तर त्याला बांधा, सुतळीखाली मऊ कापडाची पट्टी ठेवा. नावं मागच्या काचेवर चिकटवा, काचेचं काही बिघडत नाही. ओला झेंडू पत्र्यावर दाबून ठेवला तर पिवळा डाग उतरतो, म्हणून पाठवणी करून आलात की त्याच रात्री माळा उतरवा, सकाळची वाट पाहू नका.

स्वस्तिक अवश्य काढा, पण ओल्या कुंकवाचं ते समोरच्या काचेवर, एका कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या नजरेबाहेर काढायला सांगा. बोनेटवर अक्षता, फूल आणि कोरडं हळदकुंकू वाहिलं तर काही होत नाही, नंतर पाण्यानं सोडवा, पुसू नका.

मेण महिना-दीड महिना धरेल, धुळीत कमीच. पाणी टाकल्यावर थेंब गोळा होऊन घरंगळत असेल तर आहे, पसरून बसलं तर संपलं. तेव्हा परत लावा.